पाळणाघरातली मधली पाच मिनिटं: वाट बघणाऱ्या मुलांना कसं गुंतवावं

शाळेतून आलेली मुलं पाळणाघरात भांडतात ती बहुतेकदा खेळताना नाही, वाट बघताना. बेसिन एक, मुलं चौदा आणि सगळ्यांचे हात रिकामे. माझ्याकडे पहिल्याच वर्षी अशा रांगेत ढकलाढकली झाली आणि पहिलीतल्या एका मुलीचा ओठ बेसिनच्या काठावर आपटून फुटला. तिच्या आईला फोन करताना माझा आवाज थरथरत होता. तेव्हापासून या मधल्या वेळेची तयारी मी खाऊच्या तयारीइतकीच मनापासून करते.

आधी आठवडाभर नुसतं बघा आणि वहीत लिहून ठेवा, मुलं कुठे आणि किती वेळ ताटकळतात. मग रांग लहान करा. हात धुवायला एका वेळी चार-पाच जणांनाच उठवा. खेळ निवडताना दोन गोष्टी पाहा: तो कुठेही थांबवता यावा आणि त्यात कुणी 'आउट' होऊ नये. आउट झालेलं मूल पुन्हा रिकामंच बसतं.

हात धुताना रांगेतल्यांनी संथपणे बेचा पाढा म्हणायचा. नळाशी असलेल्याने नळ बंद ठेवून तोवर साबणाचे हात चोळायचे आणि 'बे दाही वीस'ला नळ सोडायचा. हात निदान 20 सेकंद चोळावेत असं सांगतात. एका ओळीला दोन सेकंद धरले की हिशेब बरोबर जुळतो. भूक लागलेली मुलं पाढा पळवतात, तेव्हा तुम्ही टाळीचा ठेका धरा.

खेळ सोडून अभ्यासाला बसवणं सगळ्यांत अवघड. 'पाच मिनिटं राहिली' हे लहानांना कळत नाही, 'अजून दोन डाव' लगेच कळतं. दोन डाव झाले की सगळ्यांना गोलात उभं करा आणि टाळ्यांचा पूर आणा. वाकून पायापाशी, एका बोटाने तळहातावर टाळी. मग दोन बोटं, तीन, अशी पाचापर्यंत. तुम्ही सांगत जायचं, 'गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं... कमरेला... छातीला!' तसतशी टाळीही वर न्यायची. छातीपर्यंत आली की मुलांना मनसोक्त गडगडाट करू द्या, तो आवाज आत कोंडलेला असतो. मग म्हणा, 'गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी कमी झालं.' एकेक बोट कमी, टाळी खाली, तुमचा आवाजही खाली. शेवटी सगळे मांडी घालून बसलेले आणि एका बोटाची टिकटिक. गोदावरीच्या घाटावरचा पूर या मारुतीच्या मूर्तीवरूनच मोजतात, त्यामुळे नाशिकच्या मुलांना फार समजावावं लागत नाही. याच शांततेत वह्या वाटा. उशीर केलात तर सगळं पाणी पुन्हा चढतं.

मोठ्या मुलांना गावांच्या भेंड्या पुरतात: नाशिक, कळवण, निफाड. 'ण' आला की 'न' धरायचा.

ज्याला खेळायचंच नसेल त्याला ओढू नका, टाळ्या मोजायचं काम द्या.

आता निघायची वेळ. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून सुटलेले पालक काही एकदम येत नाहीत. दारावर थाप पडली की सगळ्या माना वळतात आणि 'काकू, माझी आई कधी येणार?' सुरू होतं. म्हणून आमच्याकडे बस निघते. चटया दोन रांगांत, पुढे चालक, मागे कंडक्टर. निमाणी, पंचवटी कारंजा, रविवार कारंजा, सीबीएस, त्र्यंबक नाका असे थांबे कंडक्टर पुकारतो, बाकीचे वळणावर एकत्र झुकतात. मध्येच 'तिकीट दाखवा' म्हणत तुम्ही डोकी मोजून घ्या. कुणाचे पालक आले की त्याचा थांबा आला. बस थांबते, तुम्ही माणूस ओळखून नोंदवहीत सही घेता, मगच तो उतरतो आणि सगळे त्याला हात हलवतात.

रोज शेवटी उरणारं मूल कोण, हे तुम्हाला माहीत असतंच. त्याला पहिल्यापासून चालक करा. बाकीचे उतरले की तुम्ही मागच्या चटईवर प्रवासी होऊन बसा. आई आली तरी तो आधी बस डेपोत लावतो, चटयांची गुंडाळी करून कोपऱ्यात उभी करतो, आणि मग चप्पल घालतो.