रात्रीच्या कार्यक्रमात ढोलकी उतरू नये म्हणून

हिवाळ्यातल्या उघड्यावरच्या लोककला महोत्सवात संध्याकाळी सुरात मिळवलेली ढोलकी रात्री नऊला हमखास सुरातून उतरलेली असते. कारण दव. चामडं ओलावा धरतं आणि सैल पडतं. म्हणून ती कापडात गुंडाळून आडोशाला ठेवा, प्रयोगाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी मोकळी करा, हवेला सरावली की मगच पेटीच्या स्वराला मिळवा. कड्या किंवा नट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळा. एकाच अंगाने ताणलं तर पुडीवर, म्हणजे तोंडावरच्या चामड्यावर, जागोजागी वेगळा सूर येतो. हॅलोजनसमोर शेकायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण शाई, म्हणजे पुडीवरचा काळा लेप, फार तापली की तडकते, आणि तडकलेली शाई मंचावर दुरुस्त होत नाही. दुसरी ढोलकी सोबत हवीच.

घुंगरांसाठी जाड गालिचा टाळा, आवाज तोच गिळतो. फळ्यांवर पातळ सतरंजी आणि पुढच्या कडेला जमिनीलगत एक माईक पुरे.

ध्वनिक्षेपक रात्री 10 ला बंद करावा लागतो. 12 पर्यंतची सवलत वर्षातून जास्तीत जास्त 15 जाहीर दिवसांनाच मिळते. आपली तारीख त्यात नसेल तर लावणी शेवटी ठेवू नका. भाषणं लांबली की कात्री तिलाच लागते.