वाइन टेस्टिंग शिकायचंय? आधी नाक तयार करा

अथणी भागातल्या एका छोट्या वायनरीत मी टेस्टिंग शिकलो. या कामात येऊ पाहणाऱ्या पोरांना माझं पहिलं सांगणं हेच, की जिभेच्या आधी नाक तयार करा. जिभेला आंबट, गोड, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. जांभूळ की पेरू हे नाकच ओळखतं.

वाइनच्या वासांच्या छापील चार्टवर ब्लॅककरंट, गूजबेरी असली न खाल्लेली फळं बघून बिचकू नका. निपाणीच्या वखारीवरून जाताना येणारा तंबाखूचा वास आपल्या ओळखीचा आहे, आणि लाकडी पिंपात मुरलेल्या कॅबरने सोव्हिन्यॉ या रेड वाइनमध्ये तो सापडतो. शिराझ या दुसऱ्या रेडमध्ये काळी मिरी, जांभळाचीही आठवण येते. पांढऱ्या वाइनपैकी शेनिन ब्लांमध्ये पेरू. सोव्हिन्यॉ ब्लांमध्ये नुकत्याच मोडलेल्या हिरव्या मिरचीचा वास. बाजाराच्या दिवशी एकेक जिन्नस डोळे मिटून हुंगा आणि घरी आल्याआल्या वहीत उतरवा.

ग्लास दांडीला धरा, पाव भागच भरा. आधी न हलवता वास, मग गोल फिरवून पुन्हा. घोट तोंडभर खेळवा, जरा हवा आत ओढा आणि थुंका. थुंकायला लाजू नका, गिळत बसलात तर पुढचे नमुने कळणारच नाहीत. हिरड्या कोरड्या पडल्या की समजा टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारा घटक, आहे. ते साल-बियांतून उतरतं. आपल्याकडच्या बेदाण्याच्या थॉमसन द्राक्षाला बी नाही, सालही पांढरी, म्हणून रेड वाइनला ते द्राक्ष चालत नाही.

पण छोट्या वायनरीत तुमची खरी किंमत दोष पकडण्यात. नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा वास म्हणजे जिवाणूंनी माल आंबट करायला घेतला. ओल्या पुठ्ठ्याचा वास बहुतेकदा बुचातून येतो. सडक्या अंड्याचा वास आला तर बहुतेकदा रस आंबवणाऱ्या यीस्टची उपासमार झालेली असते. एकदा मी सांगितलं, "अण्णा, तीन नंबरच्या टाकीला वास मारतोय." त्यांनी लगेच माल हवा देत दुसऱ्या टाकीत फिरवला आणि वास गेला. उशीर झाला की हा वास मुरतो, मग हटत नाही. मोठ्यांसमोर हे बोलायला धीर लागतो, तरी बोलाच.

गुटखा, तंबाखू सोडा. कामावर अत्तर नको. शास्त्र शिकायचं असेल तर पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन टेक्नॉलॉजीचा अभ्यासक्रम आहे. हात बसवायचा असेल तर जानेवारी ते मार्च, काढणीच्या हंगामात वायनरीत या. द्राक्षातली साखर 22-24 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातली साखर मोजायचं माप) पोचली की तोड सुरू होते आणि रस रोज चाखायला मिळतो.