शेळ्यांसाठी कुंपणावरच पाला कसा वाढवायचा

मुंबईत गोराई, मनोरी नाहीतर आरेच्या पाड्यांत ज्यांच्याकडे दोन-चार शेळ्या आहेत त्यांनी मे संपायच्या आत कुंपणाला चाऱ्याची झाडं लावायची तयारी करा. विकतचा पाला रोज परवडत नाही, आणि रस्त्यावरची झाडं तोडायची तर १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, पालिकेची परवानगी लागते.

सगळ्यात सोपं झाड गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया). अंगठ्याहून जाड, कमरेएवढ्या काठ्या हातभर अंतरावर रोवायच्या, बाकीचं पाऊस बघतो. शेळ्या आधी वासानेच तोंड फिरवतात, मग पाला एक दिवस सुकवून दुसऱ्या पाल्यात मिसळून द्या, हळूहळू खायला लागतात.

माझं मत विचाराल तर जागा थोडी असेल तर तुतीच लावा. पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची काडी पावसाळ्यात लगेच फुटते आणि शेळ्याच काय, ससेपण आवडीने खातात. पाणी साचत असेल किंवा खाडीजवळची जराशी खारी जमीन असेल तर शेवरी, फक्त ती गुडघ्याच्या खाली छाटू नका, मरते.

सुबाभूळ सगळेच सांगतात, पण जपून. बी कडक असतं, खूप गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. त्याच्या पाल्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, म्हणून एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको, सशांना तर नकोच, केस गळतात.

पहिली छाटणी घाईने करू नका, झाडं डोक्याच्या वर गेली की साधारण एक मीटरवर छाटा, मग पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांनी, तेही आज या बाजूची तर नंतर त्या बाजूची, म्हणजे पाला कायम मिळतो. ३० किलोच्या शेळीला दिवसाला चारेक किलो ओला चारा लागतो, सोबत सुकं गवत किंवा तुरीचं भुसकट द्याच, नुसत्या कोवळ्या ओल्या पाल्याने पोट फुगतं. पेंढी बांधून तोंडाच्या उंचीला टांगा, तुडवलेला पाला शेळी खात नाही आणि खाली लेंड्यांत पडलेलं खाल्लं तर जंत होतात.

आणि कंपाउंडला शोभेची कण्हेर असेल तर आधी काढून टाका प्लीज, तिची थोडी पानंसुद्धा शेळीचा जीव घेतात, आणि छाटलेल्या सुक्या फांद्यापण तितक्याच विषारी असतात.