संरक्षण खर्चावर संसदेची नजर: कागद वाचताना या चुका टाळा

१ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला की दुपारपर्यंत एकच आकडा सगळीकडे फिरतो: संरक्षणाला इतके लाख कोटी. २०२५-२६ साठी तो ६,८१,२१० कोटी रुपये होता, आधीच्या वर्षीच्या अंदाजापेक्षा साधारण साडेनऊ टक्क्यांनी जास्त. पश्चिम नौदल कमांडचे मुख्यालय, नौदल गोदी आणि माझगाव डॉक मुंबईतच असल्याने इथे या विषयावर लिहिणारे, स्पर्धा परीक्षेसाठी टिपणे काढणारे आणि खासदाराला पत्र धाडणारे पुष्कळ. पण पाणबुडीत टॉर्पेडो आहे का, तोफेला गोळे किती दिवस पुरतील, याचे उत्तर त्या आकड्यात नसते. ते संसदेपुढे वर्षभर तुकड्यातुकड्याने येते. हे तुकडे जोडतानाच नेहमीचे घोळ होतात.

एकाच आकड्यावर गाडी थांबणे

संरक्षण मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खर्चासाठी संसदेकडे मागितलेल्या रकमा, एक नव्हे, चार असतात. २०२५-२६ मध्ये त्यांचे क्रमांक १९ ते २२ होते (क्रमांक वर्षागणिक सरकू शकतात, म्हणून नाव पाहावे). संरक्षण मंत्रालय (नागरी) २८,६८३ कोटी, सेनादलांचा महसुली खर्च ३,११,७३२ कोटी, भांडवली खर्च १,८०,००० कोटी आणि निवृत्तिवेतन १,६०,७९५ कोटी. नागरी मागणीत तटरक्षक दल आणि सीमा रस्ते संघटनाही येतात. म्हणजे तटरक्षक दलाच्या जहाजांचा खर्च शोधत कोणी नौदलाची पाने चाळत बसला, तर हाती काही लागायचे नाही.

जीडीपीच्या टक्केवारीवरून होणारे वाद बहुतेक इथेच जन्मतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जीडीपी सुमारे ३५७ लाख कोटी धरला होता. चारही मागण्या घेतल्या तर संरक्षण खर्च १.९ टक्के येतो, निवृत्तिवेतन वगळले तर १.४६, आणि नागरी मागणीही वगळली तर १.३८. तिन्ही आकडे बरोबर आहेत. चूक होते ती एका वर्षाचा पहिला आकडा दुसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवल्यावर. २०१८ च्या सुमारास ‘१९६२ नंतरचा नीचांक’ म्हणून गाजलेले १.५६ टक्के हे निवृत्तिवेतन वगळून काढलेले होते. त्याच्या बाजूला २०२५-२६ चे १.९ ठेवून ‘वाढ झाली’ म्हणणे चुकीचे आहे. तक्ता करताना वर एका ओळीत व्याख्या लिहावी: काय धरले, काय सोडले.

मालिका तुटण्याच्या आणखी दोन जागा आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. अंबरनाथ, वरणगाव, खडकी, भंडारा इथल्या कारखान्यांचा खर्च त्याआधी थेट संरक्षणाच्या हिशेबात दिसे, आता तो सेनादलांच्या खरेदीत मिसळतो. दुसरी जागा भांडवली मागणीत आहे. ती आता सेनादलनिहाय न मांडता ‘विमाने व इंजिने’, ‘नौदल ताफा’, ‘इतर सामग्री’ अशी मांडली जाते. २०२५-२६ मध्ये या तिघांसाठी अनुक्रमे ४८,६१४ कोटी, २४,३९० कोटी आणि ६३,०९९ कोटी होते. ‘विमाने’ म्हणजे फक्त हवाई दल नव्हे, नौदल आणि लष्करही विमाने-हेलिकॉप्टरे घेतातच. हे शीर्षक हवाई दलाच्या जुन्या आकड्याला चिकटवून आलेख काढणारे कमी नाहीत.

महसुली म्हणजे पगार, भांडवली म्हणजे ताकद

ही समजूत सगळ्यात महागात पडते, कारण युद्धसज्जतेचा मोठा भाग महसुली मागणीतच दडलेला असतो: दारूगोळा, सुटे भाग, इंधन, जहाजांची दुरुस्ती आणि रिफिट (ठरावीक काळाने होणारी मोठी देखभाल), वाहतूक. २०२५-२६ च्या ३,११,७३२ कोटींपैकी १,१४,४१५ कोटी पगाराव्यतिरिक्तचे होते. नवी युद्धनौका भांडवली पैशातून येते, पण ती वर्षात किती दिवस समुद्रात राहील हे या रकमेवर ठरते. पैसा कमी पडला की पगार कापता येत नाही, त्यामुळे कात्री सुटे भाग आणि सरावाच्या दारूगोळ्यावर चालते. बाहेरून काहीच दिसत नाही. जहाज धक्क्याला उभे असते, विमान हँगरमध्ये असते.

तपासायचे कसे? संरक्षण मंत्रालय दरवर्षी ‘डिफेन्स सर्व्हिसेस एस्टिमेट्स’ हा तपशीलवार खंड काढते. त्यात लष्कर २०७६, नौदल २०७७ आणि हवाई दल २०७८ या प्रमुख शीर्षांखाली ११० क्रमांकाचे उपशीर्ष ‘स्टोअर्स’चे आहे. तीन वर्षांचे तीन आकडे एकाखाली एक लिहावेत: अर्थसंकल्पी अंदाज, सुधारित अंदाज (वर्ष सरताना बदललेला), प्रत्यक्ष खर्च. सुधारित अंदाज सतत खाली येत असेल तर प्रश्न विचारायला जागा आहे. तो वर गेला असेल तर पुरवणी मागण्यांमध्ये कारण सापडते.

मंजुरीला खरेदी समजणे

संरक्षण संपादन परिषदेने, म्हणजे डीएसीने, ‘आवश्यकतेची स्वीकृती’ दिली की मथळा येतो: अमुक हजार कोटींची खरेदी. डीएसीने फक्त गरज मान्य केलेली असते. पुढे निविदा, तांत्रिक मूल्यमापन, चाचण्या, किमतीची वाटाघाट, मोठ्या रकमेला सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीची संमती आणि मग करार. करारानंतरही पैसा टप्प्याटप्प्याने जातो. माझगावचेच उदाहरण घ्या. पी-७५ आय प्रकल्पातील सहा पाणबुड्यांसाठीची निविदा २० जुलै २०२१ रोजी निघाली, आणि माझगाव डॉकशी किमतीची वाटाघाट सुरू व्हायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. मधल्या चार वर्षांत बातम्यांत ही पाणबुडी कितीदा ‘मिळाली’ याची गणतीच नको.

त्याच गोदीत त्याआधीच्या स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार ऑक्टोबर २००५ मध्ये झाला. पहिली पाणबुडी २०१२ मध्ये मिळायची होती, ती कलवरी १४ डिसेंबर २०१७ रोजी दाखल झाली. सहावी वागशीर १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत आली. आता यातली बारीक चूक: दाखल झाली म्हणजे सज्ज झाली असे नव्हे. कलवरी आली तेव्हा तिच्यासाठी ठरवलेले ब्लॅक शार्क टॉर्पेडो नव्हते, ती खरेदी रद्द झाली होती आणि जुन्या टॉर्पेडोंवर भागवावे लागले. आयएनएस कोलकाता ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबईत दाखल झाली, तेव्हा तिचे लांब पल्ल्याचे हवाई संरक्षण क्षेपणास्त्र तयार नव्हते. म्हणून आपल्या टिपणात चार रकाने ठेवावेत: करार, जलावतरण, नौदलात दाखल, मुख्य शस्त्रासह कार्यक्षम. चौथा रकाना रिकामा असेल तर तो रिकामाच दिसू द्यावा.

खर्च फुगण्याचे कारणही ‘दिरंगाई’ असे एका शब्दात उरकू नये. कोलकाता वर्गाच्या तीन विनाशिकांची किंमत ३,५८० कोटींवरून ११,६६२ कोटींवर गेल्याचे कॅगने, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, २०१०-११ च्या ३२ क्रमांकाच्या अहवालात दाखवले. तिथे आराखडा पक्का होण्याआधीच बांधणी सुरू झाली होती, शस्त्रे आणि सेन्सर ठरायला वेळ लागला, खास पोलादही वेळेवर आले नाही. म्हणजे पहिली मंजूर किंमतच कच्च्या आराखड्यावर बेतलेली होती. असे असेल तर दोष फक्त गोदीचा नसतो.

जुनी देणी विसरणे

भांडवली रकमेतला मोठा हिस्सा आधीच्या करारांच्या हप्त्यांवर जातो. १६ व्या लोकसभेच्या संरक्षण स्थायी समितीच्या ४१ व्या अहवालात (मार्च २०१८) हे उघड्यावर आले. तेव्हाचे लष्कर उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी समितीला सांगितले की आधुनिकीकरणाला २१,३३८ कोटी मिळाले आहेत, आणि चालू १२५ योजनांची ठरलेली देणीच २९,०३३ कोटींची आहेत. नव्या खरेदीला उणे शिल्लक! त्याच साक्षीत लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट असल्याचेही आले. लोकांच्या लक्षात ६८ टक्के राहिले. आमच्या मते खरी बातमी पहिली होती, कारण जुनाटपणा का सुटत नाही हे तीच सांगते.

अर्थसंकल्पात ‘वाढ’ दिसली की म्हणून दोन गोष्टी तपासाव्यात: ठरलेली देणी किती, आणि मागच्या वर्षीचा सुधारित अंदाज किती. २०२४-२५ मध्ये भांडवली तरतूद १,७२,००० कोटी होती, सुधारित अंदाजात ती १,५९,५०० कोटींवर आली. २०२५-२६ चे १,८०,००० कोटी पहिल्या आकड्याशी ताडले तर वाढ पाच टक्क्यांच्या आत, दुसऱ्याशी ताडले तर जवळजवळ तेरा टक्के. कोणता पाया घेतला ते लिहिले नाही की आकडा खरा असूनही वाचक फसतो.

समित्यांची सरमिसळ

संरक्षणविषयक स्थायी समितीत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. ती पैसा खर्च होण्याआधी मागण्या तपासते. लोकलेखा समितीत २२ सदस्य, अध्यक्ष १९६७ पासून विरोधी पक्षाचा. ती कॅगच्या अहवालावरून झालेल्या खर्चाचा जाब विचारते. अंदाज समिती फक्त लोकसभेची, ३० जणांची. मंत्री यांपैकी एकाही समितीत नसतो. स्थायी समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, आणि कपात सूचनेसारखे, म्हणजे मागणीची रक्कम घटवण्यासारखे, काही ती सुचवू शकत नाही. त्यामुळे ‘समितीने निधी मंजूर केला’ किंवा ‘समितीने निधी रोखला’ ही दोन्ही वाक्ये चूक.

सभागृहातल्या चर्चेवर भिस्त ठेवली तर निराशाच पदरी येते. ठरलेल्या वेळी गिलोटिन लागले की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदम मतास टाकतात. मार्च २०१८ आणि मार्च २०२३ मध्ये लोकसभेत सगळ्याच मंत्रालयांच्या मागण्या अशा मंजूर झाल्या. खरी तपासणी अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत, बंद दाराआड, समितीच्या खोलीत होते.

अहवाल शोधताना दोनदा फसायला होते. मुखपृष्ठावरचे ‘२०२४-२५’ हे समितीचे वर्ष असते, आतल्या मागण्या २०२५-२६ च्या असतात. शिवाय प्रत्येक नव्या लोकसभेबरोबर अहवालांचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात, त्यामुळे लोकसभेचा क्रमांक न देता ‘४१ वा अहवाल’ लिहिणे निरुपयोगी. मजकुरात मध्येच फुल्या दिसल्या तर तो छपाईदोष नाही, गोपनीय भाग गाळलेला आहे.

अहवाल वाचून थांबणाऱ्यांचे अर्धे काम राहते. सरकारने तीन महिन्यांत उत्तर द्यायचे असते, मग समिती कृती-अहवाल काढते. त्यातील चौथे प्रकरण आधी उघडावे: ज्या उत्तरांनी समितीचे समाधान झाले नाही ती शिफारस तिथे पुन्हा मांडलेली असते. पाचव्यात अंतरिम उत्तरे असतात. एखादा मुद्दा दोन-तीन वर्षे चौथ्या-पाचव्या प्रकरणातच घुटमळत असेल, तर दुखणे तिथे आहे.

कॅगच्या आकड्याची तारीख न पाहणे

‘भारताकडे दहा दिवसांचाच दारूगोळा’ हे वाक्य अजून फिरते. २०१७ च्या १५ क्रमांकाच्या अहवालात कॅगने सप्टेंबर २०१६ ची स्थिती दिली होती: तपासलेल्या १५२ प्रकारांपैकी ४० टक्के प्रकार दहा दिवसांच्या पातळीखाली, ५५ टक्के वीस दिवसांच्या किमान स्वीकार्य पातळीखाली. मूळ निकष चाळीस दिवसांच्या तीव्र युद्धाला पुरेल इतक्या साठ्याचा. हे टक्के दारूगोळ्याच्या प्रकारांचे आहेत, एकूण साठ्याचे नाहीत, आणि आजचे तर मुळीच नाहीत. मे २०१५ मध्ये मांडलेल्या आधीच्या अहवालातील स्थिती तर मार्च २०१३ ची होती. कॅगचा आकडा वापरताना तीन गोष्टी सोबत हव्यात: अहवाल क्रमांक, लेखापरीक्षणाची अखेरची तारीख, कशाचे टक्के. संरक्षणाचे काही अहवाल संकेतस्थळावर मिळत नाहीत. ते सभागृहात मांडलेले असतात, म्हणून लोकलेखा समितीच्या अहवालांतून त्यांचा माग काढता येतो.

चुकीच्या दारात, चुकीचा प्रश्न

संरक्षण हा केंद्राच्या सूचीतील पहिलाच विषय. आमदार किंवा नगरसेवकाकडे युद्धसज्जतेचे निवेदन देऊन उपयोग नाही. कुलाबा, मालाड, कांदिवलीत लष्करी हद्दीलगतच्या इमारतींना ना-हरकत मिळत नाही, ही तक्रार खरी असली तरी ती जमीन आणि बांधकाम निर्बंधांची आहे. सज्जतेच्या प्रश्नात ती मिसळली की दोन्हींची उत्तरे मोघम येतात. माहिती अधिकारातही डीआरडीओ आणि सीमा रस्ते विकास मंडळ कलम २४ खाली बऱ्याच अंशी वगळलेले आहेत.

खासदारामार्फत प्रश्न पाठवायचा तर तो १५० शब्दांच्या आत, आणि लोकसभेत उत्तराच्या दिवसाआधी किमान पंधरा पूर्ण दिवस जायला हवा. लोकसभेत संरक्षणाची उत्तरे साधारणतः शुक्रवारी, राज्यसभेत सोमवारी. बहुतेक प्रश्न तीन कारणांनी बाद होतात: गोपनीय माहिती मागितली, छापील कागदपत्रांत असलेलीच माहिती विचारली, किंवा तो विषय एखाद्या समितीपुढे आहे. ‘पश्चिम ताफ्यातील किती पाणबुड्या आज सज्ज आहेत’ हा प्रश्न टिकणार नाही. ‘गेल्या तीन वर्षांत पाणबुड्यांच्या किती रिफिट ठरलेल्या मुदतीत संपल्या, उशिराची कारणे कोणती आणि त्या शीर्षाखाली तरतूद व प्रत्यक्ष खर्च किती’ हा टिकण्याची शक्यता जास्त. अतारांकित प्रश्न निवडावा, कारण त्याचे लेखी उत्तर तक्त्यासह मिळते. ‘माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ असे उत्तर आले तर ते आश्वासन धरले जाते आणि तीन महिन्यांत पुरे करायचे असते. मुदत उलटली की प्रश्नाचा क्रमांक व तारीख देऊन, खासदारामार्फतच, शासकीय आश्वासन समितीकडे पाठपुरावा करावा.