शाळेतली जुनी चित्रं उतरवताना

आर्वीकडच्या एका जुन्या शाळेत मी ड्रॉइंग शिकवायचो. वर टिनाचं छप्पर, भिंतीवर देवादिकांच्या तसबिरी आणि दोन तैलचित्रं.

उतरवायचं काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात कागद ओल धरतो, मे महिन्यात तापून कडक होतो. फ्रेम दोघांनी धरायची, तारेला धरून लोंबकळत न्यायची नाही.

आधी ओळख पटवा. भिंगातून पाहा: ठिपके एकसारखे, ओळीत असतील तर अलीकडची ऑफसेट छपाई. वेडेवाकडे, दाणेदार असतील तर शिळाछाप असण्याची शक्यता मोठी. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रं अशीच दगडावरून छापलेली, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. खालच्या कडेचा मजकूर वाचा. तो कापून फ्रेम करू नका, ओळखच जाते.

कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नका, जाणकाराला दाखवा. मी एक लक्ष्मी ओढली होती. अर्धा चेहरा काचेवरच राहिला.

मागचा पुठ्ठा पिवळा पडला असेल तर काढा, त्यातलं आम्ल कागद खातं. सेलोटेप, फेविकॉल अजिबात नको. काच नि चित्रामध्ये जाड कागदाची चौकट ठेवा. तैलचित्रावर ओलं फडकं फिरवू नका. मऊ कोरडा ब्रश पुरे, तोही रंगाचे पोपडे सुटत नसतील तरच.

कसर लागलेली चित्रं वेगळी ठेवा. प्रत्येकाचा मागून-पुढून फोटो काढा, नंबर मात्र पेन्सिलीनंच टाका.