पडद्यांसाठी खिडकीचे माप घेताना या चुका टाळा

जळगाव-भुसावळ पट्ट्यात मार्च महिना लागला की घरोघरी कूलरचे गवत बदलण्याचे काम निघते आणि त्याच सुमारास पडद्यांकडेही लक्ष जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या या भागात पडदा ही केवळ शोभेची वस्तू नसते. दुपारी दोन ते सहा या वेळेत घर राहण्याजोगे राहते की नाही, हे बऱ्याच अंशी त्याच्यावर अवलंबून असते. असे असूनही कापडाच्या निवडीवर चार दुकाने फिरणारी माणसे मापासाठी पाच मिनिटेही देत नाहीत, असा माझा अनुभव आहे आणि त्या माणसांत मी स्वतःही मोडतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या पश्चिमेकडच्या बैठकीच्या खिडकीसाठी मी चौकटीचे माप अगदी काटेकोरपणे घेतले होते. रुंदी ६० इंच, उंची ४८ इंच. शिवणाऱ्यांनी मी दिलेल्या मापाबरहुकूम पडदे शिवले. ते लावल्यावर दुपारी चारच्या सुमारास दोन्ही कडांनी उन्हाच्या दोन सरळ पट्ट्या सोफ्यावर पडू लागल्या, आणि पडदा ओढून घेतला की तो चादरीसारखा सपाट दिसू लागला. तक्रार घेऊन गेलो तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, “भाऊ, रॉड कुठे लावला आहे? तुम्ही खिडकीचं माप दिलं, पडद्याचं दिलंच नाही.” त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण रॉड तोवर बसवलेलाच नव्हता.

रॉड बसवण्यापूर्वी माप घेणे

बहुतेक घोटाळ्यांचे मूळ या एका चुकीत असते. पडदा खिडकीला नव्हे, रॉडला टांगलेला असतो. म्हणून आधी रॉडची जागा ठरवावी, शक्य असल्यास ब्रॅकेट बसवून घ्यावेत आणि मगच टेप हातात घ्यावा. चौकटीच्या वर साधारण ४ ते ६ इंच आणि दोन्ही बाजूंना ६ ते १० इंच रॉड पुढे गेला, तर प्रकाशाची फट झाकली जाते आणि पडदा बाजूला सारल्यावर त्याचा गठ्ठा काचेवर न येता भिंतीवर विसावतो. पश्चिमेच्या खिडकीला मी १० इंचांच्या बाजूने कौल देईन, कारण तिसऱ्या प्रहरानंतरचे ऊन खाली उतरून तिरपे येते आणि कडेच्या फटीतूनच आत शिरते.

येथे दिशेबद्दल थोडे विषयांतर करणे आवश्यक वाटते. अनेक जण दक्षिणेच्या खिडकीला सर्वांत जाड, तीन थरांचा पडदा लावतात. खानदेश २१ अक्षांशांच्या आसपास असल्यामुळे मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन फारसे येत नाही. उलट सूर्य मावळताना पश्चिमेच्याही उत्तरेकडे सरकलेला असल्याने उत्तरेच्या खिडकीत संध्याकाळचे ऊन डोकावते. दक्षिणेचे ऊन येते ते हिवाळ्यात, आणि तेव्हा ते हवेहवेसेच असते. अस्तराचा खर्च करायचाच असेल तर तो पश्चिमेकडे करावा.

रॉडच्या दोन्ही बाजूंना जागा आहे का, हेही याच वेळी पाहावे. स्विचबोर्ड, एसीचा खालचा कडा, कपाटाचे उघडणारे दार यांपैकी काहीतरी एका बाजूला असतेच. तसे असल्यास दोन्हीकडे समान अंतर ठेवण्याचा हट्ट न धरता एका बाजूला ४ आणि दुसऱ्या बाजूला १२ इंच घेऊन सगळा पडदा एकाच बाजूला सरकेल अशी व्यवस्था करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

कूलरची खिडकी विसरणे

ही चूक आपल्याकडची खास आहे. पडदे दिवाळीत शिवले जातात, तेव्हा कूलर माळ्यावर किंवा गच्चीवर झाकून ठेवलेला असतो आणि खिडकी मोकळी दिसते. उन्हाळ्यात कूलरचे तोंड खिडकीतून खोलीत दोन-तीन इंच पुढे येते, आणि बाजारातल्या नेहमीच्या ब्रॅकेटवर रॉड भिंतीपासून सुमारे तीन इंचच पुढे असतो. परिणामी पडदा कूलरच्या तोंडावर घासतो, हवेने फुगतो, तुषारांनी ओलसर होतो आणि महिन्याभरात त्यावर क्षाराचे पांढरे डाग दिसू लागतात. अशा खिडकीचे माप घेताना कूलरचे तोंड किती पुढे येते हे आधी मोजावे आणि त्याहून किमान दोन इंच अधिक पुढे राहणारे ब्रॅकेट मागावेत. पडदा दोन भागांत करावा आणि तो बाजूला बांधण्याची पट्टी शिवून घ्यावी.

टेपवर नको तितका विश्वास

शिवणकामाचा कापडी टेप वर्षानुवर्षांच्या वापराने ताणला जातो. तो लोखंडी टेपवर ठेवून एकदा पडताळून पाहावा. पाच फुटांत पाव इंचाचा फरक निघाला तर तो खुशाल बाजूला ठेवावा. लोखंडी टेपच्या टोकाचा हूक थोडा सैल असतो, म्हणून काही जण तो ठोकून घट्ट करतात. तसे करू नये. आतले आणि बाहेरचे अशी दोन्ही मापे बरोबर यावीत, यासाठी तो स्वतःच्या जाडीइतका मुद्दाम हलता ठेवलेला असतो.

त्याहून मोठा गोंधळ आकडे लिहिण्यात होतो. कागदावर ‘४.५’ लिहिले की लिहिणाऱ्याच्या मनात चार फूट पाच इंच असतात आणि वाचणारा साडेचार फूट, म्हणजे चार फूट सहा इंच समजतो. सुतार ‘चार फूट तीन इंच दोन सूत’ असे सांगतो, तेथे एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सर्व मापे केवळ इंचांत लिहावीत, रुंदी आधी आणि उंची नंतर हा क्रम कधीही बदलू नये, आणि प्रत्येक आकड्यापुढे खोलीचे व दिशेचे नाव लिहावे. ‘मोठी खिडकी’ आणि ‘छोटी खिडकी’ अशा नोंदी घरी स्पष्ट वाटतात. दुकानात उभे राहिल्यावर त्यांचा अर्थ लागत नाही.

एकाच जागी माप घेऊन थांबणे

नव्या बांधकामातही फरशीला उतार असतो. उंची रॉडच्या डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला अशी तीनदा मोजावी व सर्वांत कमी माप धरून जमिनीपासून अर्धा इंच सोडावा; फरशी पुसताना पडद्याची कड भिजू नये, यासाठी एवढे अंतर पुरते. गावाकडच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांत तर हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा ठरतो. तेथे भिंती दीड-दोन फूट जाड, खिडकी खोल कोनाड्यासारखी, आणि कोनाड्याची वरची रुंदी खालच्या रुंदीशी क्वचितच जुळते. कोनाड्याच्या आत पडदा बसवायचा असल्यास रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजून तीन मापांपैकी सर्वांत लहान माप रॉडसाठी घ्यावे. मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही, म्हणून आधी लाकडी पट्टी बसवावी लागते आणि तिची जाडीही हिशेबात धरावी लागते. झडपा आत उघडणाऱ्या असतील तर त्या पूर्ण उघडून पाहिल्याशिवाय रॉडची उंची ठरवू नये.

पन्हा न विचारता कापड घेणे

पडद्याच्या कापडाचा पन्हा, म्हणजे ताग्याची रुंदी, साधारणपणे ४८ किंवा ५४ इंच असतो, आणि किती कापड लागेल याचे उत्तर या आकड्यावर फिरते. आमच्या त्या बैठकीच्या खिडकीचाच हिशेब मांडतो. चौकट ६० इंच, हिशेबापुरते दोन्ही बाजूंना मधले आठ-आठ इंच धरून रॉड ७६ इंच. चुण्या नीट पडाव्यात म्हणून कापडाची रुंदी रॉडच्या किमान दुप्पट, म्हणजे १५२ इंच हवी. प्रत्येक पन्ह्यातून बाजूच्या दुमडीत सुमारे तीन इंच जातात. म्हणजे ५४ इंचांचे तीन पन्हे १५३ इंच देतात आणि काम नेमके भागते; ४८ इंचांचे तीन पन्हे मात्र १३५ इंचच देतात, त्यामुळे चौथा पन्हा घ्यावाच लागतो. तीन पन्ह्यांचे दोन भाग करताना एक पन्हा मधोमध कापला जातो. हा अर्धा तुकडा भिंतीच्या बाजूला जोडावा, असे आवर्जून सांगावे, म्हणजे जोडाची शिवण खिडकीच्या मध्यभागी येत नाही.

आता लांबी. चौकटीची वरची कड जमिनीपासून ८४ इंचांवर आणि रॉड त्याच्या वर ६ इंच, म्हणजे ९० इंचांवर. आयलेटचा, म्हणजे रॉड ओवण्यासाठी कापडात गोल कडी बसवलेला पडदा रॉडच्या वर साधारण दीड इंच उभा राहतो, खाली अर्धा इंच सोडायचा, म्हणून तयार पडदा ९१ इंचांचा. वरची आणि खालची दुमड मिळून १० इंच वाढवले की प्रत्येक पन्ह्याला १०१ इंच, आणि तीन पन्ह्यांना ३०३ इंच कापड लागते. हे पावणेआठ मीटरच्या आत बसते, म्हणून आपण ‘आठ’ मागतो. मात्र दुकानदाराने आठ वार मोजले तर हाती २८८ इंच येतात आणि १५ इंच कमी पडतात, कारण वार ३६ इंचांचा आणि मीटर ३९ इंचांहून थोडा अधिक. भाव मीटरचा आहे की वाराचा, हे कापण्यापूर्वी विचारावे.

मोठ्या नक्षीच्या कापडात आणखी एक खाच आहे. नक्षी दर २४ इंचांनी पुन्हा येत असेल, तर शेजारच्या पन्ह्यांवरील फुले समोरासमोर येण्यासाठी प्रत्येक तुकडा १०१ ऐवजी १२० इंचांचा कापावा लागतो आणि एकूण कापड सव्वानऊ मीटरच्या घरात जाते. सुती कापड असेल तर ते शिवण्यापूर्वी एकदा भिजवून वाळवावे. शंभर इंचांत तीन-चार इंच आटणे ही मुळीच असाधारण गोष्ट नाही.

चूक झालीच असेल तर

दोन-तीन इंच आखूड झालेल्या पडद्यासाठी आधी खालची दुमड किती आहे ते पाहावे; ती पाच-सहा इंचांची असेल तर उसवून सोडता येते, मात्र जुन्या घडीची रेघ इस्त्रीनेही पूर्णपणे जात नाही. आयलेट थेट रॉडमध्ये ओवलेले असतील तर पडदा खाली आणायला रॉड उतरवण्याखेरीज उपाय नसतो. खुंटीवाल्या रिंगांचा पडदा असेल तर लांब हूक लावून इंचभर मिळतो. याहून अधिक कमी पडत असेल तर खाली वेगळ्या रंगाची आठ-दहा इंचांची पट्टी जोडावी, आणि ती त्या खोलीतल्या सर्व पडद्यांना जोडावी, म्हणजे ती मुद्दाम केलेली वाटते. रुंदी कमी पडल्यास मध्ये तुकडा घालण्यापेक्षा एकाच रंगाचा वेगळा तिसरा पडदा मध्यभागी टांगणे बरे. माझ्या बैठकीत आजही तो तसाच आहे.

आयलेट किती आहेत ते घरी नेण्यापूर्वी मोजावेत. प्रत्येक पडद्यावर त्यांची संख्या सम हवी, तरच दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. विषम झाल्यास एक कड खोलीकडे तोंड करून उभी राहते आणि कितीही ओढले तरी फट उरते. रॉड पाच-सहा फुटांहून लांब असेल तर मध्ये आधाराचा ब्रॅकेट लागतो, हेही आयलेटची जागा ठरवण्यापूर्वीच शिवणाऱ्यांना सांगावे.

खालची तुरपाई पहिल्याच दिवशी पक्की करून घेऊ नये. पडदे कच्च्या टाक्यावर आणावेत, दोन-तीन दिवस टांगून ठेवावेत, जाड कापड आपल्याच वजनाने किती उतरते ते पाहावे, आणि मग खडूने खूण करून पुन्हा शिवणाऱ्यांकडे न्यावेत.