१०२४ बाय ७६८ वर अडकलेला मॉनिटर

भावाने दिलेला जुना २२ इंची एलसीडी मॉनिटर लिनक्सच्या पीसीला जोडला आणि सगळं फताडं दिसायला लागलं. गोल आयकॉन अंड्यासारखे! सेटिंग्जमध्ये १०२४ बाय ७६८ च्या वरचं रिझोल्यूशन (पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या) दिसेचना. आधी ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा टाकला. अख्खी संध्याकाळ वाया.

मॉनिटर आपल्याला कोणती रिझोल्यूशन चालतात ही माहिती, म्हणजे ईडीआयडी, केबलमधून कॉम्प्युटरला कळवतो. माझ्या केबलसारख्या जुन्या व्हीजीए जोडणीत ते काम १२ आणि १५ नंबरच्या पिनांचं. टॉर्च मारून पाहिलं तर केबलची १२ नंबरची पिन पार आडवी झालेली. चिमट्याने सरळ करायला गेलो आणि तुटलीच.

रात्री दुकानं बंद, मग मोड (रिझोल्यूशन आणि त्याची वेळेची मापं) हातानेच घालायचा ठरवला. लिनक्समध्ये पडद्यावर चित्र दाखवायच्या वेलँड आणि एक्सऑर्ग अशा दोन प्रणाली असतात. आधी लॉगआउट करून वेलँडऐवजी एक्सऑर्ग निवडलं, कारण वेलँडमध्ये एक्सरँडआर या पडद्याची सेटिंग्ज बदलणाऱ्या कमांडने नवा मोड लागत नाही. मोडची मापं काढून देणाऱ्या सीव्हीटी कमांडला रुंदी १९२०, उंची १०८० आणि सेकंदाला ६० चित्रं असे आकडे दिले, तिने १७३ मेगाहर्ट्झची (ठिपके पाठवायचा वेग) मोडलाइन, म्हणजे मापांची ओळ, दिली. ती एक्सरँडआरच्या न्यूमोड, ॲडमोड या पर्यायांनी जोडून लावली, तर पडदा काळा आणि वर 'आउट ऑफ रेंज'. पोटात गोळाच आला. पण पंधरा सेकंदांनी जुना मोड परत लावायची ओळ त्याच कमांडच्या मागे आधीच लिहून ठेवली होती, त्यामुळे वाचलो.

सीव्हीटीला 'उणे आर' (-r) हा पर्याय जोडून पुन्हा चालवलं. दोन ओळींमधली रिकामी वेळ कमी झाली, मेगाहर्ट्झचा आकडा १३८.५ वर आला, आणि चित्र लख्ख!

रीस्टार्टनंतर मोड उडतो, म्हणून त्या ओळी लॉगिन करताना आपोआप चालणाऱ्या एक्सप्रोफाइल फाइलमध्ये टाकल्या. नवी केबल आणल्यावर काढल्या.